जेवणानंतरच्या फेऱ्या

शेवटचा घास तोंडात असतानाच धाकट्यानं बुटात पाय घातला आणि वाकून नाडी ओढली.

"अहो, निदान गिळा तरी," बायको म्हणाली. "तळं काही पळून जात नाहीये."

"जेवल्यावर लगेच चालायचं, असंच सांगितलंय ना डॉक्टरांनी?"

"लगेच म्हणजे हात न धुता?"

तो परत फिरला, हात धुतले, पुसायचे मात्र राहिले. ताटाचे नियम तो एरवी निमूट पाळायचा: आधी काकडी आणि पालेभाजी, मग डाळ, भात अगदी शेवटी आणि तोही मूठभर. आज तो मूठभर भातही तसाच राहिला होता. बायकोनं ताटाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि ताट उचललं.

अजून चांगला उजेड होता. तळ्याकाठच्या वाटेवर रोजचीच माणसं होती. थोरला भाऊ नव्हता. कालही नव्हता.

मधुमेह दोघांनाही आईकडून आला होता. घर वाटून घेतलं, भांडीकुंडी वाटून घेतली, हा मात्र न मागता दोघांच्याही वाट्याला पूर्ण आला. आईच्या शेवटच्या दिवसांत थोरला तिला चोरून गोड भरवायचा. ती गेली त्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यात धाकटा सगळ्यांसमोर त्याला म्हणाला होता, "तूच मारलंस तिला." त्यानंतर दोघांनी एकमेकांचा उंबरठा ओलांडला नव्हता. पुढे आगेमागे दोघांचीही साखर वाढली आणि दोघांनाही जेवणानंतर चालायला सांगितलं गेलं. जवळ चालण्याजोगं एकच तळं. थोरला एका दिशेनं फिरायचा, म्हणून धाकटा उलट्या. त्यामुळे झालं असं, की प्रत्येक फेरीत दोघं दोनदा समोरासमोर यायचे. बोलत नसत. धाकटा पाण्याकडे बघायचा, थोरला झाडांकडे.

पण धाकट्याचं चपलांचं दुकान होतं. उभा जन्म त्यानं माणसाच्या तोंडाआधी पाय पाहिले होते. थोरला डावा पाय बाहेर फाकवून टाकतो आहे, चवडा पुरता टेकत नाही, हे त्याला गेल्या आठवड्यातच दिसलं होतं. सांगावं असं रोज वाटायचं. जवळ आलं की नजर पाण्याकडे वळायची.

एक फेरी झाली. दुसरी अर्ध्यावर त्यानं सोडली, परत मागे वळला, पुन्हा थांबला. बाकावरच्या एका आजोबांनी विचारलं, "काही हरवलंय का?"

"नाही," तो म्हणाला आणि तळ्याकडे पाठ करून चालू लागला.

दार वहिनीनं उघडलं.

"भाऊजी? या ना. अहो, भाऊजी आलेत."

थोरला खिडकीपाशी बसला होता, पाय स्टुलावर. अंगात फिरायला जायचे कपडे होते.

"चालायला का नाही आलास?" धाकट्यानं उभ्याउभ्याच विचारलं.

"बूट चढेना."

"मोजा काढ."

"तुला काय करायचंय?"

धाकटा गुडघ्यावर बसला. गिऱ्हाइकाचा धरावा तसा त्यानं घोटा एका तळहातावर घेतला आणि मोजा हळूहळू सोलत आणला. तळव्यापाशी तो चिकटला होता. वहिनीनं कोमट पाणी आणलं. ओला करून सोडवला तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी जखम दिसली, कडेनं लालभडक, सुजलेली.

"दुखत नाही?"

"फारसं नाही."

"तेच तर वाईट," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला. "आईचंही असंच सुरू झालं होतं. कळत कसं नाही तुला? पायाला फोड आलेला असताना तळ्याला फेऱ्या मारतं का कुणी?"

"डॉक्टरांनी फोड आला तेव्हाच सांगितलं होतं," वहिनी म्हणाली. "फोड बरा होईस्तोवर चालू नका, खुर्चीत बसून हातांचे व्यायाम करा. ऐकतात कुठे? जेवण झालं की दारात उभे. म्हटलं, साखर आटोक्यात आहे, चार दिवस नाही गेलात तर काय बिघडेल? तर म्हणतात, तो एकटाच फिरत बसेल."

"तू जरा गप्प बस गं," थोरला म्हणाला. तो खिडकीबाहेर बघत होता.

धाकट्याच्या हातात अजून ती टाच होती. त्याला खाली ठेवावी की धरून ठेवावी, कळेना.

"चल," तो अखेर म्हणाला. "दवाखाना उघडा आहे."

"उद्या जाऊ."

"आत्ता."

टॅक्सीत दोघं मागे बसले, वहिनी पुढे. मग थोरला म्हणाला, "आई मागायची रे. लहान मुलासारखी मागायची."

धाकट्याला दुकानाच्या खणातला बिस्किटांचा पुडा आठवला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो पाठ फिरवून एखादं तोंडात टाकायचा.

"हं," तो म्हणाला.

डॉक्टरांनी जखम धुतली. वेळेवर आणलंत, म्हणाले. पाय वाचेल, पण आता महिनाभर तरी त्यावर भार नको. पट्टी बांधायला वेळ लागणार होता. धाकट्याला बाहेर बसवेना. व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा होता. तो चालू लागला. दार अर्धवट उघडं होतं. जाताना भाऊ दिसायचा, येताना दिसायचा.

"बाहेर कोण सारखं फेऱ्या मारतंय?" आतून डॉक्टरांचा त्रासलेला आवाज आला. "त्यांना सांगा, काळजीचं कारण नाही. बसा म्हणावं."

"चालू द्या त्याला," थोरला म्हणाला. "धाकटा भाऊ आहे माझा. आत्ताच जेवलाय."