पहिल्या पानावरचा हात

दादाचं यंत्र संध्याकाळी बाजारात येणार होतं, आणि दुपार झाली तरी त्याच्या पानाचं घोडं अडलेलंच होतं.

पान करायचं काम धाकट्या बहिणीकडे होतं. जाहिरात बघून लोक इंटरनेटवरच्या ज्या पहिल्या पानावर येतात, ते लँडिंग पेज बनवणं हाच तिचा व्यवसाय. तिथे माणूस घटकाभरही थांबत नाही. तेवढ्यात त्याला कळलं पाहिजे की वस्तू काय आहे, आपल्या काय कामाची आहे आणि बोट कुठे दाबायचं. परक्यांची अशी कितीतरी पानं तिनं हसतखेळत केली होती. सख्ख्या भावाचं करताना मात्र तोंडचं पाणी पळालं होतं.

यंत्र शेगडीच्या बटणावर बसवायचं. कढई नको तितकी तापली की ते आपोआप गॅस बंद करतं. नोकरी गेल्यावर दादानं रक्ताचं पाणी करून ते बनवलं, ते आईमुळे. दोन वर्षांपूर्वी आईच्या कढईतल्या तेलानं पेट घेतला आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. "आई विसरायला लागलीय," असं दादानं तेव्हा सगळ्यांना सांगितलं. आईनंही ते कधी खोडून काढलं नाही.

दादाला पानावर सगळ्यात वर त्या हाताचा फोटो हवा होता, आणि त्याखाली मथळा: 'तुमची आई विसरेल. हे विसरणार नाही.'

बहिणीनं दोन पानं केली, एकावर हात, एकावर नुसतं यंत्र, आणि चाचणीला घेतलेल्या निम्म्या निम्म्या लोकांना दाखवून बघितली. हाताच्या पानावर दुप्पट लोकांनी 'मागवा'चं बटण दाबलं.

"मग आता मुहूर्त बघतेस का?" दादाचा भागीदार फोनवर करवादला. "सोड ते पान लोकांसमोर!"

पान चोख होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर तिनं स्वतःचीच पाठ थोपटली असती. पण आईला दाखवल्याशिवाय ते सोडायला तिचं मन धजेना. लॅपटॉप उचलून ती आईकडे गेली.

आईनं चष्मा लावला. फोटो बघितला, मथळा वाचला, परत वाचला. मग बाही ओढून हात झाकून घेतला.

"दादानं फोटो काढला तेव्हा तू हो म्हणालीस ना?"

"फोटोला म्हणाले. असं लिहिणार हे कुठे ठाऊक होतं?" तिनं चष्मा काढून ठेवला. "मी विसरले नव्हते गं."

"म्हणजे?"

आईनं दाराकडे बघून घेतलं. "त्याचाच फोन आला होता. कामावरून काढलं त्या दिवशी. एवढा बाप्या माणूस, हुंदके देत होता. जगून काय करू, म्हणाला. आपला तो भिंतीजवळचा तारेचा फोन, हलताही येईना. तेलाचा वास आला, कळलं मला. पण फोन ठेवला आणि त्यानं काही बरंवाईट केलं तर? 'येतो घरी' म्हणाला, तेव्हा कुठे ठेवला. तोवर कढई पेटली होती, ती उतरवायला गेले."

"आणि त्याला काय सांगितलंस?"

"तुझ्याशी बोलून झाल्यावर तेल ठेवलं आणि विसरले, म्हटलं. खरं कळलं असतं तर त्यानं उभ्या जन्मात स्वतःला माफ केलं नसतं. त्यापेक्षा मी विसरभोळी बरी. माझं काय जातंय?"

पण गेली दोन वर्षं नातवाला कुणी तिच्यापाशी एकटं ठेवत नव्हतं. तिचं काय जात होतं, ते बहिणीला आत्ता दिसलं.

फोन वाजला. दादा.

"सोडलंस पान?"

"हाताचा फोटो काढून टाकतेय. मथळाही बदलतेय."

"डोकं फिरलंय का तुझं? आई हो म्हणालीय! कारण तरी सांग!"

बहिणीनं आईकडे बघितलं. आई मानेनं नको नको म्हणत होती. मग काय झालं कोण जाणे, तिनंच हात पुढे करून फोन घेतला.

"मी विसरले नव्हते रे," ती म्हणाली, आणि चार वाक्यांत सगळं सांगून मोकळी झाली.

"अरे, बोल ना काहीतरी!" आईचा धीर सुटला. "तू कुठे आहेस? कोण आहे तुझ्याजवळ?"

फोन बंद झाला.

दोघी दाराकडे डोळे लावून बसल्या. भागीदाराचे फोन येत राहिले, बहिणीनं एकही घेतला नाही. दादा आला तो पायऱ्या चढून धापा टाकत. आईकडे न बघता तो लॅपटॉपपाशी बसला आणि त्यानं स्वतःच्या हातानं फोटो पुसून टाकला. त्या जागी बहिणीनं पेटलेल्या शेगडीचा फोटो घातला आणि मथळा लिहिला: 'तेल तापतंय, आणि तेवढ्यात फोन वाजला?'

"फोनचं नको गं," आई पुटपुटली.

"असू दे," दादा म्हणाला. "तेच खरं आहे."

पान उशिरा का होईना, सुटलं. मागणी आली, पण हाताच्या पानाला आली असती तेवढी नाही. भागीदार कित्येक दिवस कामापुरतंच बोलत होता. दादा रोज आईकडे यायचा, मुकाट्यानं बसायचा आणि जायचा. एक दिवस मात्र त्याचा बांध फुटला.

"परत असं करशील तर याद राख! आधी गॅस बंद करायचा, मग मी!"

"आधी तू, मग गॅस," आई तितक्याच जोरात म्हणाली. "आणि माझ्याच घरात माझ्यावर ओरडू नकोस."

बहीण बाहेरच्या खोलीत होती. भांडण बराच वेळ चाललं. तिनं मध्ये पडायचं टाळलं.