काल तळलेला मासा

"काट्यानं खाता येत नसेल तर तसं आत्ताच सांग. इथूनच परत फिरू."

"येतं का नाही ते मला काय ठाऊक? घरी काटा आहे का आपल्या?"

"मग मी कसा धरते ते बघ आणि तसा धर. आणि बोलू नकोस रे. तू तोंड उघडलंस की भांडणच होतं."

"अप्पांनी मला बघायला पाठवलंय, अक्का. मुक्यानं बघू?"

मद्रासमध्ये सांथोमच्या रस्त्यावर, भर दुपारच्या उन्हात, एका पिवळ्या घराच्या फाटकापाशी बहीणभावाचं हे चाललं होतं. तुळजा चोवीस वर्षांची, बंदराजवळच्या एका जहाज कंपनीत टायपिस्ट. राणोजी सतरा वर्षांचा आणि काहीच नाही. दोन वर्षांपूर्वी गणिताच्या मास्तरांनी हातावर छडी मारली, ती यानं हिसकून खिडकीबाहेर टाकली आणि आपण दारानं बाहेर पडला. तेव्हापासून शाळा बंद. मग महिनाभर सायकलच्या दुकानात, महिनाभर छापखान्यात, आणि दोन्हीकडं कुणाच्या तरी अंगावर धावून जाऊन परत घरी. रोयापेट्ट्याच्या त्या घरात त्याला 'जेवलास का' सोडून कुणी काही विचारत नसे.

आज मात्र विचारणार होते. तुळजाला सावंतवाडीकडचा एक मुलगा आवडला होता, संताजी परब नावाचा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली, आणि त्यानंतर नऊ महिने तिनं घरात दुसऱ्या कुठल्या स्थळाचं नाव निघू दिलं नाही. अप्पा म्हणाले, "मराठा आहे, ठीक. आवडी गावच्या सरकारी फॅक्टरीत फोरमन आहे, तेही ठीक. पण तिकडच्या लोकांचं आपल्याला काय कळतं? आपण तंजावरचे." तुळजा म्हणाली, निदान भेटा, रविवारी तो हॉटेलात जेवायला बोलावतो आहे. मुलीच्या बापानं हॉटेलात जाऊन जावई पाहायचा हे अप्पांना काही पटेना. शेवटी ते म्हणाले, "राणोजी जाईल. याचं डोकं चालत नाही, पण डोळे चालतात. पाच वाजता मी बंदरातनं ड्यूटी संपवून येतो, तेव्हा काय पाहिलं ते यानं सांगायचं. त्यावर मी हो का नाही ते ठरवीन."

म्हणून राणोजीनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि म्हणून तुळजाच्या कपाळावर घाम होता.

फाटकावर पाटी होती, 'लिस्बोआ, पोर्तुगीज डायनिंग रूम'. गोव्यातनं पोर्तुगीज जाऊन सहा महिने झाले होते, पण ही पाटी कुणी उतरवली नव्हती. एकदा एक हवालदार चौकशीला आला होता म्हणे. जेवला आणि गेला.

आत म्हणजे घराचा पुढचा हॉलच. पाच टेबलं, त्यांवर पांढरी कापडं, भिंतीत निळ्या चित्रांच्या फरशा. एका फरशीवर जहाज, एकीवर कोंबडा, एकीवर मान नसलेला साधू. मान फुटून गेली होती, का पहिल्यापासून नव्हती, हे राणोजी वाकून पाहायला लागला तेव्हा तुळजानं त्याचा दंड धरून त्याला खुर्चीवर बसवलं. कोपऱ्यात काळ्या फ्रॉकमधली म्हातारी मालकीण बसली होती. रंगानं गोरी, नाक साहेबाचं, पण वेटरला तमिळमध्ये झापत होती ती थेट मैलापूरच्या भाजीवालीसारखी.

संताजी आला तो रस्त्याकडनं नव्हे, मागच्या दारानं. राणोजीनं ते लगेच टिपलं. केस ओले होते. बुशशर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या, म्हणजे दहा मिनिटांपूर्वी घातलेला. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. डाव्या हातावर, मनगटाच्या वर, भाजल्याचे तीन सरळ डाग, शिडीच्या पायऱ्यांसारखे.

"या राणोजीराव, बसा."

"राव कशास? नुसतं राणोजी म्हणा."

संताजी हसला. "कशास. अहो, बखरीतला माणूस समोर बसल्यासारखं वाटतं."

राणोजीचे कान तापले. "आम्ही तीनशे वर्षांपूर्वी इकडं आलो ते हेच बोलत आलो. बदललात तुम्ही."

टेबलाखाली तुळजाची चप्पल त्याच्या पायावर बसली. पण संताजीनं मान हलवली. "ते मात्र खरं आहे," म्हणाला, आणि पाण्याचा जग पुढं सरकवला.

मद्रासला दारूबंदी, त्यामुळं वाइनच्या उंच ग्लासांत गोळीसोडा आला. त्यानंतर हिरवं सूप आलं. राणोजीनं चमच्यानं तळ ढवळून पाहिला. पालेभाजी केसासारखी बारीक कापलेली, आणि बटाटा इतका विरघळलेला की दिसत नव्हता, नुसता जाड लागत होता.

"ही कसली भाजी?"

"पोर्तुगालमध्ये कोबीच्या जातीची एक असते, ती. इथं मिळत नाही, म्हणून अरैकीरैचा पाला घालतात," संताजी म्हणाला.

"इतकी बारीक कशी कापतात?"

"पानं विडीसारखी घट्ट गुंडाळायची, आणि सुरी खाली-वर नाही, पुढं ढकलत न्यायची." बोलता बोलता त्याचा हात टेबलावर चाललासुद्धा, टक टक टक, आणि तुळजा खोकली तसा थांबला.

फोरमनला भाजी कापायची कशी ठाऊक, असं राणोजीच्या मनात आलं. पण तेवढ्यात मासा आला. दोन दोन तुकडे, वर कांद्याच्या चकत्या, लसूण, मिरी आणि पिवळसर रस. राणोजीनं बोट लावलं.

"गार आहे हा."

"असाच खातात. काल तळून ठेवलेला असतो, व्हिनेगरमध्ये. एस्काबेश म्हणतात."

"काल तळलेला?" राणोजीनं काटा खाली ठेवला. "पाहुण्याला शिळं वाढतात इथं?"

"राणोजी," तुळजा दातांतल्या दातांत म्हणाली.

"तुमच्याकडं मीन कुळंबु कधी चांगलं लागतं?" संताजीनं शांतपणे विचारलं. "केल्या दिवशी का दुसऱ्या दिवशी?"

वंजरम मासा घरी यायचा तेव्हा राणोजी कुळंबुच्या आमटीतला एक तुकडा दुसऱ्या दिवसासाठी लपवून ठेवायचा, सगळ्यांना माहीत होतं. त्यानं काटा उचलला, नको तसा धरला, मग टाकून दिला आणि हातानं तुकडा मोडला. आंबट आधी आलं, ते चिंचेचं नव्हतं. त्यामागनं लसूण, आणि सगळ्यात शेवटी मासा, घट्ट आणि गोड. त्यानं दुसरा घास जिभेवर धरून ठेवला, आणखी काय आहे ते कळावं म्हणून. काहीतरी होतं, पानासारखं. नाव सापडेना. तोवर दोन्ही तुकडे संपले. पावाच्या तुकड्यानं त्यानं बशी पुसली, तो पाव खाल्ला, आणि पुसलेल्या बशीकडं बघत बसला.

हॉटेलात तुकडे मोजून येतात एवढं त्याला कळत होतं. मागणार नव्हताच तो. पण त्यांच्याकडच्या पंगतीत पानातला पदार्थ संपण्याआधी वाढप्या पुढं येतो. पुसलेलं रिकामं पान दिसणं म्हणजे यजमानाची नाचक्की. सावंतवाडीलाही बहुतेक तसंच असावं. कारण संताजीनं दोनदा त्या बशीकडं बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं आणि उठलाच. कुणाला काही न सांगता मागच्या दारातनं आत गेला. तुळजा अर्धी उठली, परत बसली. तिचा चेहरा उतरला.

संताजी परत आला तेव्हा एका हातात, फडक्यात धरलेलं मातीचं पसरट भांडं होतं आणि दुसऱ्या हातात डाव. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. मालकीण चष्म्यावरनं बघत होती. संताजीला कुणी दिसत नव्हतं. त्यानं भांडं डाव्या मनगटाच्या वर टेकवलं, बरोबर त्या तीन डागांजवळ, एक तुकडा न मोडता उचलला, कांदा वर येईल असा ठेवला आणि रस कडेनं सोडला. कापडावर एक थेंब पडला नाही. मग दुसरा वाढताना "आणखी एक," म्हणाला. "लाजू नका."

राणोजी त्याच्या हाताकडं बघत होता. असा डाव धरणारी माणसं त्यानं लग्नाच्या मांडवात पाहिली होती.

"हे तुम्ही केलंय," तो म्हणाला.

"हो," संताजी म्हणाला. आपण काय करून बसलो ते त्याला आत्ता कळलं. हातातल्या भांड्याकडं त्यानं दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं पाहिलं.

आतनं एक पोऱ्या संताजीला हाक मारत ओरडला, "मास्टर, पाव पुरत नाही."

राणोजीनं समोर वाढलेलं खाल्लं, आणि मग उठून सरळ स्वयंपाकघरात गेला. त्याला राग आला होता, पण पाय चालले होते ते मुख्यतः बघायला. आत चूल, काळी पडलेली भट्टी, दोरीला टांगलेला लसूण, आणि फळीवर बरण्या. एका बरणीवर गोव्याच्या टपालाचा शिक्का अजून होता. त्यानं झाकण काढून वास घेतला. नाकात झणझणलं.

"तो व्हिनेगर," मागनं संताजी म्हणाला. "माडाचा. इकडं माडी काढायला बंदी, म्हणून गोव्याहून मागवतो. आणि तुम्हाला जे सापडत नव्हतं ना, ते हे." त्यानं एक वाळलेलं पान पुढं केलं. "तमालपत्रासारखंच, पण पोर्तुगीजांकडचं. मालकीणबाईंच्या परसात झाड आहे."

राणोजीनं पान हुंगलं आणि खिशात टाकलं. मग दारात उभ्या राहिलेल्या बहिणीकडं वळला. "फोरमन म्हणालीस."

"मी कुठं म्हटलं? अप्पांनी विचारलं, फॅक्टरीत काय करतो. मी म्हटलं, हाताखाली अकरा माणसं आहेत. फोरमन त्यांनी आपलं आपण ठरवलं."

"आणि तू ठरवू दिलंस."

"दिलं. आचारी म्हटलं असतं तर चहा तरी पूर्ण प्यायले असते का ते?"

संताजीनं भांडं खाली ठेवलं. "आवडीच्या फॅक्टरीच्या कॅन्टीनमध्ये हेड कुक आहे मी. चारशे माणसं जेवतात. त्याआधी सात वर्षं पणजीला एका पोर्तुगीज हॉटेलात होतो, तिथं हे शिकलो. रविवारी इथं करतो, नाहीतर हात विसरतो. मी हिला तेव्हाच म्हटलं होतं, वडिलांना मी स्वतः सांगतो म्हणून."

"सांगा की," तुळजा म्हणाली. "आमच्या घरात लग्न म्हटलं की अप्पा पहिल्यांदा आचाऱ्याकडं धावतात, त्याच्यावाचून तारीख धरत नाहीत. आणि आपल्या पंगतीला त्याला आजवर एकदा बसवलेलं मी पाहिलं नाही. सांगा तुम्ही." तिनं पदरानं तोंड पुसलं, मग भावाकडं वळली, आवाज खाली आणून. "राणोजी, आजच्या दिवस फोरमन म्हण. एवढंच. पुढचं मी बघते."

पोऱ्या पाव कापायचा थांबला होता. राणोजी भट्टीच्या दाराला लागलेल्या काजळीवर बोटं फिरवत होता.

"नाही म्हणणार," तो म्हणाला.

"माझ्यासाठीसुद्धा?"

"मागाहून कळलं तर अप्पा याला मांडवातनं घालवतील का नाही ठाऊक नाही, पण घरातनं घालवतील. तेव्हा मी काय सांगू, मला दिसलं नव्हतं? माझ्याकडं तेवढे डोळेच आहेत अक्का, तेही खोटे पाडतेस." तो संताजीकडं बघून म्हणाला, "आणि फोरमन म्हणून तुम्ही मला आवडलाच नव्हतात. नुसते गोळीसोडा पीत बसलेले."

संताजी हसायच्या बेतात होता, तुळजाकडं बघून थांबला.

"मी सांगणार, स्वयंपाक करतात. चारशे माणसांचा. सांगणार की हॉटेलातली सगळी माणसं बघत असताना भांडं घेऊन आले, कारण माझी बशी रिकामी होती. सांगणार की मासा कालचा होता आणि मी चार तुकडे खाल्ले."

"ते नाही म्हणतील," तुळजा म्हणाली.

"म्हणतील. मग मी त्यांच्याशी भांडीन. रोज भांडीन. मला दुसरं काय काम आहे?"

"आणि तरी नाहीच म्हणाले तर?"

राणोजीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. चार वाजून दहा. रविवारच्या बसचा नेम नाही, आणि अप्पा पाच म्हणजे पाचला दारात चप्पल काढतात. शेजारच्या टेबलावरच्या कुणी अप्पांना काही सांगण्याआधी त्यानंच सांगायला हवं होतं. त्यानं शर्टाला बोटं पुसली. इस्त्रीच्या शर्टावर काजळीचे चार पट्टे उठले.

"ते मला विचारू नकोस," तो म्हणाला. "मला आता निघायला पाहिजे."