वंशदोषाचं पाणी

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. समोर टेबलावर काचेचे दोन जग, दोन्हींत स्वच्छ पाणी. फुंकरगुरुजींनी उजव्या जगातलं पाणी पेल्यात ओतून नळी पुढे केली. एका बाईने फुंकर मारली आणि पाणी बघता बघता दुधाळ झालं.

"हा बघा वंशदोष!" गुरुजी गरजले. "आजोबांनी बापाला दिला, बापाने तुम्हाला. डॉक्टर त्याला जनुक म्हणतात, मी मळ म्हणतो. सात बैठका, की मळ साफ!"

लोकांनी हात जोडले. माझ्या दादानेही जोडले.

आमचे बाबा आणि आत्या, दोघंही पन्नाशीच्या आत आतड्याच्या कॅन्सरने गेले. दादाच्या तपासणीत तेच बिघडलेलं जनुक सापडलं, मी सुटलो. दरवर्षी दुर्बिणीने आतडं तपासायचं, सिगारेट बंद, वजन आटोक्यात, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. उद्या सकाळी तपासणी होती. पोट साफ करायचं औषध आज दुपारी चारला सुरू करायचं होतं. आणि आजच दादाची सातवी बैठक. त्याच्या खिशात दीड वर्षानंतर सिगारेटचं नवं पाकीट होतं.

"मळ गेला की कशाला हवी ती दुर्बीण?" तो वाटेत म्हणाला होता. "भिऊन भिऊन जगायचा कंटाळा आला रे."

भीती मलाही होतीच, त्याच्यासाठी.

गुरुजींनी दादासाठी डाव्या जगातलं पाणी घेतलं. दादाने गाल फुगवून फुंकलं. पाणी होतं तसंच राहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि दादा लहान पोरासारखा रडायला लागला.

वहिनी मात्र उजव्या जगाकडे टक लावून बघत होती. आम्ही पिढीजात रंगारी. आमच्या मागच्या दारी भिजवलेल्या चुन्याचं पिंप असतं, आणि वर निवळलेल्या पाण्यावर रोज पातळ पापुद्रा धरतो. तो वहिनीच काढते. तसाच पापुद्रा तिला त्या जगाच्या काठाशी दिसला.

ती पुढे झाली. "गुरुजी, मी फुंकू?"

"या ताई, या!" गुरुजींनी खुशीत उजवा जग उचलला. वहिनीने फुंकलं, पाणी दुधाळ झालं. "अरेरे! सासऱ्यांचा दोष तुमच्यातही उतरलाय."

"सासऱ्यांचा? मी तर लग्न करून त्या घरात आले. त्यांचं रक्त माझ्यात कुठल्या वाटेने शिरलं?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. गुरुजींनी घाम पुसला. "सहवासाने, ताई. सात बैठका लागतील."

वहिनीने डाव्या जगातलं पाणी पेल्यात ओतलं आणि फुंकलं. स्वच्छ. "मळ गेला की! एकही बैठक नको."

"बाहेर काढा हिला!" कुणीतरी ओरडलं. खुर्च्या सरकल्या. गुरुजींच्या चेल्याने वहिनीचा दंड धरला. मी मध्ये पडलो, तर माझ्या छातीवर धक्का बसला.

"थांबा!" दादा होता. त्याने उजव्या जगातलं पाणी ओतून पेला गुरुजींपुढे धरला. "गुरुजी, तुम्ही फुंका."

"माझा श्वास असा वाया घालवायचा नसतो."

दादाने पाण्यात बोट बुडवलं आणि अंगठ्याने चोळलं. ती बुळबुळ त्याच्या हातांना लहानपणापासून ओळखीची होती.

"चुना," तो म्हणाला. "चुन्याची निवळी."

शाळेत आम्हीही केलेला प्रयोग! प्रत्येकाच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. त्याने निवळी दुधाळ होते. दुसऱ्या जगात नुसतं नळाचं पाणी. जन्मभर भिंतींना चुना लावणाऱ्यांना गुरुजींनी चुना लावला होता. माझी मलाच लाज वाटली.

पाकीट त्याच दिवशी चुन्याच्या पिंपात गेलं. चार वाजता दादाने नाक मुरडत औषध घेतलं.

दुसऱ्या दिवशी आतड्यात दोन छोटे कोंब, म्हणजे पॉलिप, सापडले आणि तिथल्या तिथे काढले. "अजून कॅन्सर झालेला नव्हता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तपासणी टाळली असतीत, तर पुढचं सांगता आलं नसतं."

"सिगारेट सोडली, वजन उतरवलं, तरी आले?" दादाने विचारलं.

"तरी आले. चांगल्या सवयींनी धोका कमी होतो, पुसला जात नाही. म्हणून सवयीही सांभाळायच्या आणि तपासणीही करायची."

दादाने तिथेच पुढच्या वर्षीची तारीख घेतली. वहिनी मान फिरवून डोळे पुसत होती.

रक्तातून आलेलं जनुक फुंकरीने जात नाही. सिगारेट विझवणं आणि वेळेवर तपासणीला जाणं मात्र आपल्या हातात आहे. आणि कुणी तुमच्यापुढे नळी धरलीच, तर आधी त्यालाच फुंकायला सांगा.