हवेचा स्क्रू

पहिल्याच वळणावर माझा दात खालच्या ओठात घुसला. बोटीच्या नाकावर पालथं पडून मी दोन्ही कड्या धरल्या होत्या, आणि राइटडीप ही डच नदी खालून फळीने बडवावं तशी छातीवर आदळत होती.

"पोट टेकव वं दीपे! उडशील!" मागून बाबा ओरडले.

"टेकवलंय!"

"मंग वजन वाढव. आईनं खाऊ नाही घातलं का तुले?"

सुकाणूवरचा आमचा डच चालक विबे हसला. त्याला मराठी कळत नव्हतं, पण बोटीत बसले की बाबांचं तोंड सुटतं, हे त्याला माहीत होतं.

मोटरबोटींच्या या शर्यतीत बोटीत तिघं असतात. एक सुकाणूवर, एक मोटरीपाशी, आणि एक पुढे, नाक उचललं जाऊ नये म्हणून निव्वळ वजन. ती जागा बाबांच्या मित्राची, विवेककाकांची. आदल्या दिवशी त्यांची करोनाची टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणून मी. मोटर मात्र पहिल्यापासून बाबांची.

एरवी बाबा आइंडहोवनच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करायचे. पांढरा सूट, झाकलेला चेहरा. धूळ उडू नये म्हणून तिथे चालायचंसुद्धा सावकाश. वर्षातून एकदा ते देशाच्या पार उत्तरेला यायचे आणि पाण्याचा मार खायचे. आई म्हणायची, कामठीत असताना हा माणूस कन्हानच्या पुलावरून खाली बघायलाही घाबरायचा.

त्याच वर्षी जानेवारीत करोनाने त्यांना ऑक्सिजनवर झोपवलं. घरी परतले ते वस्तूंची नावं विसरत. चमच्याला "ते हे" म्हणायचे. कारखान्याने त्यांना यंत्रांवरून काढून टेबलावर बसवलं. "हात नाही विसरले माझे," ते मला म्हणाले. "एकदा मोटरीपाशी बसू दे, मंग सांगतो." त्या दिवशी त्यांना एवढंच बघायचं होतं.

काठावर प्रेक्षकांना बंदी होती. मेंढ्या तेवढ्या बघत होत्या.

गार्नवेर्ड गाव मागे पडल्यावर टाकी बदलायची वेळ आली. हे काम मोटर चालू ठेवूनच करायचं असतं. आधी नव्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करायचा, मग नळी लावायची. हवा आत शिरली नाही तर पेट्रोल बाहेर येत नाही. सायकल शिकवण्याआधी बाबांनी मला हे शिकवलं होतं.

नळी लागली. मोटर जरा वेळ गरजली, मग खोकली, मग गप्प झाली. नाक पाण्यात घुसलं आणि माझं हेल्मेट फळीवर आपटलं. मागची बोट वळणाआडून सुसाट आली. तिने अंग चोरलं, तरी तिची कड आमच्यावर चढली. फायबर कडाडलं. विबेचं तोंड सुकाणूवर आदळलं. आम्ही तिघंही हलतोय एवढं बघून ती बोट शिव्या देत निघून गेली.

विबेने नाकाला हात लावला. पंजा लाल झाला. मग त्याने टाकीचं झाकण पाहिलं. स्क्रू घट्ट होता. तो वळला आणि त्याने बाबांच्या तोंडावर ठोसा मारला.

"क्लोतझाक!" त्याने डचमध्ये शिवी हासडली. "मेलो असतो सगळे!"

मी वल्हं उचलून त्याच्या हेल्मेटवर घातलं. पुन्हा उगारलं, ते बाबांनी वरच्या वर धरलं.

"त्याचं बरोबर आहे."

"मारलं त्याने तुम्हाला!"

"स्क्रू कोणी उघडायचा होता?"

मी वल्हं सोडवायला बघितलं.

"बोल ना वं."

"तुम्ही."

"उघडला होता मी." ते हाताकडे बघत राहिले, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसे. "अजूनही वाटते, उघडलाच होता."

विबे पाण्यात रक्त थुंकला. "बाबन, शर्यत सोडायची का?" त्याने बाबांना नावाने हाक मारत डचमध्ये विचारलं.

बाबांनी नकारार्थी मान हलवली. माणूस पाण्यात पडला तर मोटर बंद करणारी सुरक्षेची दोरी त्यांच्या मनगटाला होती. ती सोडवून त्यांनी माझ्या मनगटाला बांधली आणि रांगत पुढे नाकावर गेले.

"बाबा, छातीवर मार बसतो तिथे. तुमची फुफ्फुसं..."

"डोक्याचं काम तं नाही ना ते," ते म्हणाले आणि पालथे पडले.

मी स्क्रू सैल केला. मोटर लागली.

प्रत्येक लाटेला त्यांच्या छातीतून हवा बाहेर पडल्याचा आवाज यायचा. मोटरीच्या गोंगाटात तो ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मला यायचा. बाबांना जाऊन वर्ष होत आलं, अजून येतो. विबेने वेग कमी केला की ते मागे न बघता हात झटकायचे. मार, थांबू नको.

आम्ही शेवटून दुसरे आलो.

बोट धक्क्याला लागली की पंच आधी मोटरवाल्याचा हात हातात घेतो, चालकाचा नंतर. अशी इथली रीत. त्या वर्षी हाताऐवजी कोपर होतं. मास्क लावलेला म्हातारा पंच वाकला आणि दरवर्षीसारखं त्याने बाबांपुढे कोपर धरलं.

बाबा गुडघ्यांवर बसले होते. ओठ निळसर, हनुवटीवर रक्त वाळलेलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. बोलायचा प्रयत्न केला, श्वास पुरला नाही. पुन्हा केला.

"मोटर हिच्याकडे होती," ते डचमध्ये म्हणाले, आणि मला पुढे जाता यावं म्हणून त्या अरुंद बोटीत अंग चोरून बाजूला सरकले.