उरलेले मैल

आर्लीन स्टेम्पियन दुकानात जाताना सोफ्यावरची उशी घेऊन जायची. नॉर्ब उंचापुरा होता, त्यामुळे गाडीची सीट पार मागे सरकवलेली. आर्लीनचे पाय पेडलपर्यंत पोचायचे नाहीत. मग ती उशी पाठीशी लावायची आणि पुढे कलून बसायची. सीट पुढे घ्यायचं बटण डाव्या हाताला, सीटच्या कडेलाच होतं. ते दाबावं असं तिच्या मनात आलं नाही. दाबायचं नाही असंही तिनं काही ठरवलं नव्हतं.

नॉर्ब जानेवारीत गेला होता. तेव्हापासून आर्लीनला काही वाटेनासं झालं होतं. भूक लागायची, झोप यायची, रडू मात्र येत नव्हतं. डॉक्टरणीनं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की दाढ काढायला गेल्यावर सुई दिली की गाल होतो, तसं झालंय. असतो आपलाच, पण बोट लावलं तर दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो.

तिच्याशी काय बोलावं हे लोकांना कळत नव्हतं. म्हणून सगळे गाडीबद्दल बोलायचे. चर्चमध्ये, औषधाच्या दुकानात, कुंपणापाशी प्रश्न एकच, गाडीचं काय करणार आहेस? गाडी लीजवर, म्हणजे तीन वर्षांच्या भाड्यानं घेतलेली होती आणि मुदत जूनमध्ये संपत होती.

डेट्रॉईटच्या उत्तरेला, वॉरनमधल्या त्यांच्या गल्लीत बहुतेक घरांपुढे लीजचीच गाडी होती. नॉर्बची सगळी नोकरी मोटारींच्या कारखान्यात गेली. निवृत्तीनंतरही कारखान्याची सवलत मिळायची, त्यामुळे दर तीन वर्षांनी जुनी गाडी परत जायची आणि नवी यायची. अट एवढीच की ठरवून दिलेल्या मैलांपेक्षा गाडी जास्त पळता कामा नये, पळाली तर दंड. पहिल्याच गाडीनं ते भावाच्या लग्नाला फ्लोरिडाला जाऊन आले आणि नॉर्बला तो दंड भरावा लागला. तो घाव त्याच्या मनातून गेला नाही. त्यानंतर त्यानं मैल वाचवायला सुरुवात केली.

दर रविवारी जेवताना, सूप संपून मांस वाढायच्या आधी, तो आकडा सांगायचा. मग म्हणायचा, "आपण पुढे आहोत." म्हणजे गाडी ठरल्यापेक्षा कमी चालली आहे. मुलगा वर्गात पहिला आल्याचं एखाद्या बापानं सांगावं तसा त्याचा आवाज व्हायचा.

हे मैल कशासाठी साठवायचे तेही त्यानं ठरवलं होतं. आर्लीनची धाकटी बहीण मार्सेला राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, मोठ्या पुलापलीकडे राहायची. पहिली दोन वर्षं जपून काढायची आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पूल ओलांडायचा. मार्सेलाकडे आठवडाभर राहायचं, वाटेत जिथं वाटेल तिथं थांबायचं. पण तिसऱ्या वर्षाचा वसंत आला की गाड्यांच्या शोरूममधून फोन यायचा. नवं मॉडेल आलंय, थोडं आधीच या, उरलेले हप्ते आम्ही माफ करतो. नॉर्बला ते सोडवायचं नाही. नवी गाडी दारात यायची आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. आर्लीन कधी तक्रार करायची नाही. पुढच्या गाडीच्या वेळी जाऊ, असं तिलाही खरंच वाटायचं.

शेजारच्या लिओकडे गंजका जुना ट्रक होता. नॉर्ब रविवारी गाडी धुवायला लागला की तो कुंपणावरून म्हणायचा, "दुसऱ्याच्या गाडीला इतक्या प्रेमानं आंघोळ घालतोस, तर माझ्या ट्रकनं तुझं काय घोडं मारलंय?" नॉर्ब हसायचा, पण कुणी गाडीत बिस्किट खाल्लं तर हसायचा नाही. "गाडी आपली नाही," म्हणायचा. मुलगी डायना लहानपणी या वाक्याला घाबरायची. मोठेपणी ती त्याची नक्कल करायची.

आता डायना दर शनिवारी फोन करत होती. तिचं म्हणणं सरळ होतं. गाडी परत कर आणि नवी घे, छोटी, पुढे काही आलं की आपणहून थांबणारी. बाबांमागे सवलत तुला मिळतेच आहे. नुसती परत करून बसशील तर दूध आणायलाही कुणाच्या तोंडाकडे बघावं लागेल, कारण इथं बस दिवसात केव्हा येते ते बसवाल्यालाही माहीत नाही. आणि हीच विकत घेणं हा तर शुद्ध वेडेपणा.

"बाबांनी आयुष्यात कधी लीजची गाडी विकत घेतली का, आई?"

"नाही," आर्लीन म्हणाली.

"मग शोरूममधल्या ब्रेंटला फोन करशील ना?"

पुढच्या आठवड्यात करते, असं ती म्हणाली. दर आठवड्याला तेच म्हणायची.

मे महिन्यात गाडी तपासायला एक माणूस घरी आला. पोरगा म्हणण्याइतका तरुण, हातात प्लास्टिकचं छोटं कार्ड. गाडीवरचा प्रत्येक चरा कार्डापेक्षा मोठा आहे की लहान ते बघून तो लिहून घेणार होता. तो गाडीभोवती फिरला. वाकला, उठला, पुन्हा फिरला. रबरी पायपुसणी उचलून खालचा गालिचा बघितला. शेवटी कार्ड खिशात टाकून म्हणाला की अशी गाडी त्यानं बघितलेली नाही, जणू कारखान्यातून आत्ताच निघाली आहे. मग त्यानं मैलांचा आकडा बघितला आणि शीळ घातली. ठरलेल्यातले निम्मेही वापरले नव्हते.

"उरलेल्यांचं काय होतं?" आर्लीननं विचारलं.

"कसल्या उरलेल्यांचं?"

"मैलांचं."

त्यानं तिच्याकडे बघितलं. ही चेष्टा आहे का ते त्याला कळेना. "काही नाही होत, मॅडम. गाडी परत गेली की संपले."

"कुणालाच मिळत नाहीत?"

"नाही, कुणालाच नाही."

आर्लीननं मान हलवली आणि त्याला कॉफी विचारली. तो नको म्हणाला. तो गेल्यावर ती दारातच उभी राहून गाडीकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत इतक्या गाड्या, आणि प्रत्येकीबरोबर उरलेले मैल परत गेले होते. हे मनात येऊनसुद्धा तिला काहीच वाटलं नाही.

त्याच रविवारी डायनाची मुलगी टेसा आली. ती पंधरा वर्षांची होती, शिकाऊ परवाना नुकताच मिळाला होता. पक्का परवाना मिळण्याआधी शेजारी मोठं माणूस बसवून ठरलेले तास गाडी चालवावी लागते, आणि डायनाला हॉस्पिटलच्या पाळ्यांमधून वेळ नव्हता. वेळ असला तरी ती शेजारी बसून किंचाळायची.

"आई असली की गाडीला दोन हॉर्न असतात," टेसा म्हणाली. "बुशा, तुझी गाडी नुसतीच उभी असते ना?" त्यांच्या घरात आजीला बुशा आणि आजोबाला जाजा म्हणत. पोलंडहून आलेल्या पणजीपासून ते चालत आलं होतं.

आर्लीननं किल्ली दिली. टेसा आत बसली, उशी मागे टाकली आणि शिकवल्याप्रमाणे आधी सीट, मग आरसे, मग पट्टा असं करायला घेतलं. तिनं बटण दाबलं. बारीक घरघर झाली आणि नॉर्बची सीट पुढे सरकली. मग तिनं त्याचा आरसा आपल्या डोळ्यांपुढे वळवला.

आर्लीन दारावर हात ठेवून उभी होती. आता काहीतरी होईल म्हणून ती वाट बघत होती. काही झालं नाही. मग ती वळसा घालून गेली आणि उजवीकडे, आपल्या नेहमीच्या जागी बसली.

त्या दोघी आधी कारखान्याच्या गाड्या लावायच्या मैदानात जायच्या. दुसऱ्या कंपनीची गाडी लावल्यास उचलून नेऊ, अशी पाटी तिथं अजून होती. आर्लीननं तीस वर्षं पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवलं होतं. हे करू नको असं ती मुलांना कधी सांगायची नाही. काय करायचं तेवढंच सांगायची आणि मग गप्प बसायची.

"खांब येतोय, खांब येतोय," टेसा म्हणायला लागली.

"खांब कुठं येतोय? तो उभाच आहे. तुला जायचंय तिकडे बघ. आपण बघतो तिकडेच हात जातात."

टेसानं रस्त्याकडे बघितलं आणि खांब बाजूनं निघून गेला. तिसऱ्या रविवारी त्या रस्त्यावर आल्या, मग हायवेवर. टेसानं विचारलं, आपण किती लांब जाऊ शकतो? आर्लीन म्हणाली, मैल पुष्कळ आहेत. पुलापर्यंत जाऊन यावं इतके. कितीतरी वेळा.

बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण खरंच जाणार आहोत.

डायना फोनवर बरंच बोलली. गाडी परत करायची वेळ आलेली, शेजारी कच्चा परवाना, आणि तू म्हणतेस पूल. आर्लीननं सगळं ऐकून घेतलं आणि शुक्रवारी सकाळी निघतोय असं सांगितलं. मग तिनं मार्सेलाला फोन केला.

"येतेस म्हणजे येतेस?" मार्सेला म्हणाली. "की नॉर्बसारखं? पाहुण्यांच्या खोलीतली चादर मी दर उन्हाळ्यात बदलते, आर्लीन. चादरी विरल्या, पण पाहुणी काही आली नाही."

"येतेय," आर्लीन म्हणाली.

अर्धा दिवस टेसानंच गाडी चालवली. झाडी दाट होत गेली, गावं विरळ झाली. दुपारी पुलाचे दोन मनोरे लांबून दिसले आणि टेसानं वेग कमी केला. त्या पुलावर आतल्या बाजूच्या रस्त्याला लोखंडी जाळी आहे, चाकं तिच्यावरून गुणगुणत जातात आणि खाली पाणी दिसतं, असं तिला वर्गातल्या कुणीतरी सांगितलं होतं.

"बुशा, मी नाही. तू चालव."

आर्लीननं समजूत घातली नाही. पुलाआधीच्या शेवटच्या वळणावर गाडी बाजूला घ्यायला सांगितली. जागा बदलल्या. टेसा तिच्याहूनही बुटकी, त्यामुळे पुढे घेतलेल्या सीटवर आर्लीनचे गुडघे स्टिअरिंगला टेकायला लागले. आर्लीनचा डावा हात खाली गेला, बटण सापडलं, सीट किंचित मागे झाली. उशी मागच्या सीटवर पडून राहिली.

पुलावर वारा होता. दोन्हीकडे पाणी होतं, इतकं की दुसरं काही दिसत नव्हतं. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, नॉर्बची आठवण यायला हवी, असं तिच्या मनात आलं. आलं आणि गेलं. पलीकडे टोल भरायला काच खाली केली, तेव्हा मात्र तिची बोटं सरळ होईनात. इतका वेळ स्टिअरिंग किती घट्ट धरलं होतं ते तिला तिथं कळलं.

पुढे रस्त्याकडेच्या टपरीवर त्यांनी पेस्टी घेतल्या, आत मांस आणि बटाटा भरलेल्या, वरून रस्सा. बाहेर वाऱ्यात उभं राहवेना, म्हणून त्या गाडीतच बसल्या.

"जाजा असता तर आपल्याला बाहेर उभं केलं असतं," टेसा म्हणाली.

"पाऊस असता तरी."

टेसा हसली, आणि हसता हसता कागदी वाटी कलंडली. रस्सा सीटवर सांडला. ती घाबरून हातानंच पुसायला लागली, त्यामुळे डाग आणखी पसरला. आता ते पैसे कापतील, आई मला मारेल, सॉरी बुशा, असं ती एका दमात म्हणाली.

आर्लीननं डागाकडे बराच वेळ बघितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "खा तू. गार होईल."

मार्सेलाकडे त्या आठवडाभर राहिल्या. बहिणी फार बोलल्या नाहीत. मार्सेलानं चेरी निवडायला बसवलं की आर्लीन निवडायची, फिरायला नेलं की फिरायची. रात्री पाहुण्यांच्या खोलीतल्या विरलेल्या चादरीवर तिला गाढ झोप लागायची.

परत आल्यावर ती शोरूममध्ये गेली. ब्रेंटनं दोन नव्या गाड्या धुऊन पुढे आणून ठेवल्या होत्या. त्यानं आधी नॉर्बची आठवण काढली, मग कॉफी दिली आणि मग जुन्या गाडीत डोकावला. डाग बघून म्हणाला की त्याची काळजी करू नका, तेवढं आम्ही बघून घेऊ.

"डाग असू दे," आर्लीन म्हणाली. "मी हीच विकत घेते."

ब्रेंटनं खुर्ची पुढे ओढली. मग त्यानं नीट समजावून सांगितलं, नव्या गाडीत काय काय आहे, महिन्याला किती कमी पडेल. तो खोटं बोलत नव्हता. आर्लीनलाही ते पटत होतं.

"नॉर्बनं कधी असं केलं नव्हतं, मिसेस स्टेम्पियन."

"नव्हतं केलं. पण नवी घेतली की ती पहिल्यापासून जपावी लागेल. मला आता जपायचं नाही."

सह्या झाल्या. आपल्या मालकीच्या गाडीतून घरी येताना हलकं वाटेल अशी तिची कल्पना होती. तसं काही वाटलं नाही. गाडी तीच होती. वाटेत लिओनं तिला बघून ट्रकच्या खिडकीतून हात केला, तिनंही केला.

रविवारी डायना आणि टेसा जेवायला आल्या. डायना गाडीबद्दल बोलायची नाही असं ठरवून आली होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. आर्लीननं सूप वाढलं. टेसानं आपलं पटकन संपवलं, डायनानंही. मांसाचं भांडं टेबलावर होतं, पण ते उघडायला कुणी हात पुढे करेना. तेवढ्या वेळात नॉर्ब मैलांचा आकडा सांगायचा. डायना ताटलीकडे बघत बसली.

"बुशा," टेसा म्हणाली, "किती झाले गं आता?"

"बघितलं नाही," आर्लीन म्हणाली.

तिनं आपलं सूप सगळ्यांत शेवटी वाढून घेतलं होतं, ते तसंच राहिलं होतं, म्हणून तिनं मोठा घोट घेतला. ते अजून चांगलंच गरम होतं. जीभ भाजली. तिनं पाण्याचा पेला उचलला, पाणी प्याली, आणि मग डायनाला भांड्याचं झाकण काढायला सांगितलं. जेवण संपेपर्यंत जीभ चुरचुरत होती, आणि ती आपलीच वाटत होती.