घरची माणसं मोजत नाहीत

आमचा देश एवढासा. सकाळी सातला बसमध्ये बसलात की संध्याकाळच्या चहापर्यंत सगळा बघून होतो. एवढ्याशा जागेत इतिहास मात्र नको तितका. पाहिलीच पाहिजेत अशी सात ठिकाणं कंपनीच्या रंगीत पत्रकात छापली आहेत आणि तीस वर्षं मी तीच लोकांच्या गळी उतरवतोय. सुरुवात जुन्या पुलापासून, शेवट उत्तरेच्या बुरुजावर. बुरुजावरून राजानं जी लढाई पाहिली ती मी झोपेतही सांगेन. खरं तर लढाई झालीच नाही, शत्रू रस्ता चुकला होता. लोक हसतात, म्हणून ते शेवटी सांगतो.

आमच्या धंद्यात ठिकाण सोडताना डोकी मोजायची असतात. मागच्या सीटपासून पुढे, एकेका सीटच्या पाठीवर बोट टेकवत. गाइड आणि ड्रायव्हर मोजायचे नाहीत. ज्या म्हाताऱ्यानं मला काम शिकवलं तो म्हणायचा, यादीतली तेवढी मोज, घरची माणसं मोजत नाहीत. मी ते गाठीला बांधून ठेवलं. माझ्यासारखा मूर्ख मीच.

बायको गेली तेव्हा चिमणी सहा वर्षांची होती. घरी बघायला कोणी नाही, म्हणून पोरीला बसमध्येच घेऊन यायचो. ड्रायव्हरशेजारच्या घडीच्या खुर्चीवर तिचं राज्य. ड्रायव्हरला सगळे उस्ताद म्हणतात, ती त्याला उस्तादकाका म्हणायची. प्रवासी बायका तिला मागे बोलावून गोळ्या द्यायच्या. मला खुशाल अरे-तुरे करायची आणि शत्रू रस्ता चुकल्याचं माझ्या आधी सांगून मोकळी व्हायची. फक्त अंधाराला घाबरायची. मी शिकवलं होतं, भीती वाटली की शंभरापर्यंत मोज, बाबा आलाच म्हणून समज.

एकदा बुरुजापाशी एक आजोबा हरवले. अर्धा तास बोंबलत फिरलो, तर हे महाशय झाडाखाली घोरतायत. डोकं फिरलेलंच होतं. बसमध्ये चढलो, मोजले, अडतीस. यादीत अडतीस. चला म्हणालो. घडीची खुर्ची रिकामी दिसली, वाटलं, मागे गोळ्या खात बसली असेल. उस्तादलाही तेच वाटलं. शहरात सगळे उतरले तेव्हा कळलं. परत पोचेपर्यंत दोन तास गेले. राखणदारानं पाचला दाराला कुलूप घातलं होतं आणि ती आत पायऱ्यांवर, काळोखात. दार उघडलं तेव्हा ती मोजत होती. मला पाहिलं आणि तरी मोजतच राहिली.

महिनाभर ती एक शब्द बोलली नाही. परदेशातून मेहुणी आली, म्हणाली, मी नेते हिला. मी हो म्हणालो. कोणी माझ्या हातातून ओढून नेली नाही, मीच तिचे फ्रॉक घडी करून पेटीत भरले. पुढे पत्रं पाठवली. उत्तरं आली नाहीत.

त्याला चोवीस वर्षं झाली. तेव्हापासून मी बुरूज चढत नाही. लोक वर जातात आणि शेवटचा माणूस खाली येईपर्यंत मी दारात पाय अडकवून उभा राहतो. मोजतोही तीनदा. प्रवासी हसतात. हसू देत.

परवा मंगळवारी यादीत पुन्हा अडतीस होते. पुढच्या सीटवर तिशीची एक बाई, एकटीच. यादीत फक्त आडनावं असतात, तिचं सासरचं. दोन ठिकाणं झाली तरी मला काही कळलं नाही, आग लागो माझ्या डोळ्यांना. मग राजाच्या धान्यकोठारात तिनं मान वाकडी करून वरच्या झरोक्याकडे पाहिलं, थेट माझ्या बायकोसारखं. उरलेली ठिकाणं कशी दाखवली, देव जाणे. दर वेळी वाटायचं, जावं, बोलावं. पण कोणत्या तोंडानं बोलणार?

बुरुजापाशी सगळे वर गेले. ती खालीच थांबली, माझ्या पायाकडे बघत. रोज असंच उभे राहता का, असं तिनं विचारलं. मी मान हलवली.

"एकशे बारा पायऱ्या आहेत," ती म्हणाली. "मला शंभरच येत होते. मला वाटायचं, पुढचे बारा मोजता येत नाहीत म्हणून तुम्ही येत नाही."

ती मला तुम्ही म्हणाली. बायको गेली तेव्हा रडलो नव्हतो इतकं आतून रडू आलं, पण वरून लोक उतरत होते, त्यांना वाट दिली.

मग तिनं विचारलं, "मला तेव्हा मुद्दाम सोडलंत?"

"नाही गं. विसरलो. मोजणी बरोबर आली आणि मी तुला विसरलो."

"आणि मावशीकडे दिलंत ते?"

खोटं बोलता आलं असतं. तीस वर्षं न झालेली लढाई सांगतोय, एक थाप काय जड होती? पण जीभच वळली नाही.

"ते मुद्दाम," मी म्हणालो. "परत विसरेन अशी भीती वाटली."

मी म्हणालो, घरी ये, निदान चहा तरी घे. ती म्हणाली, आज नको. प्रवासी टोप्या विकणाऱ्यांना म्हणतात तसं. तिला एकदा वर जायचं होतं, एकटीनं, सगळ्या पायऱ्या मोजून. नंतर ती टॅक्सीनं विमानतळावर जाणार होती.

"मला मोजणीत धरू नका," ती म्हणाली, आणि चढायला लागली.

माझी माणसं बसमध्ये खोळंबली होती. मी एक मोठा धोंडा आणून दारात सरकवला आणि राखणदाराला बजावलं, ती स्वतः बाहेर आल्याशिवाय हा काढायचा नाही. मग पाय ओढत बसमध्ये चढलो.

"एक कमी आहे रे," उस्ताद म्हणाला.

"चिमणी होती ती," मी म्हणालो. "तिला धरायचं नाही. तिनंच सांगितलंय."

उस्ताद बुरुजाच्या दाराकडे बघत राहिला. त्यानं बस चालूच केली नाही. शेवटी मागून कोणीतरी विचारलं, निघायचं ना? मी मागच्या सीटपासून पुन्हा एकदा मोजत आलो. सदतीस. बरोबर होते. पुढे येऊन घडीच्या खुर्चीवर बसलो आणि चला म्हणालो.