बाहेर उघडणारं दार

मी एक जुनं दार आहे. पण मित्रांनो, रडगाणं ऐकायला बसला असाल तर उठा. मला अजून काम आहे.

जाड लाकडाचा एकच पल्ला मी. शिलाईच्या दुकानासाठी मुद्दाम रुंद केलेला, मशीन सरळ आत जावं म्हणून. मालकिणीच्या गळ्यात सदा टेप, म्हणून सगळी गल्ली तिला टेपआजी म्हणते. दुकान खाली, घर वर. माझ्या पाठीवर ती खडूनं मापं लिहायची, ओल्या फडक्यानं पुसायची, परत लिहायची. कपडा अंगावर बसला की लोक तिची तारीफ करायचे. दाराची तारीफ कोण करतो? बोट चेमटलं की शिव्या तेवढ्या मिळतात.

पुढं दुकानाला लोखंडी शटर आलं. मला मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. डोक्यावर कुंड्या, पायाशी मांजर. तिकडं आजीचे गुडघेही गेले. दुकान बंद पडलं आणि जिना म्हणजे डोंगर झाला.

मुलगा म्हणाला, "आई, आमच्याकडं चल. लिफ्ट आहे."

"तिथं काय करू? गॅलरीत वाळत बसू?"

नात घरांचे नकाशे काढते. ती म्हणाली, "आजी, वरचं भाड्यानं दे. खालच्या दुकानाचंच घर करू. पाडायचं काही नाही, आहे तेच वापरायचं."

"कर. पण तयार कपडा नको हां. माझ्या मापाचं शीव. आणि शिवणीत सोडतात तशी जरा माया ठेव, उद्या चाकाची खुर्ची आली तर?"

मग काय! शटर गेलं, तिथं दार आणि मोठी खिडकी आली. दिवसा दिवा लावायची गरज उरली नाही. कापड कापायच्या टेबलाचे पाय कापून त्याचा ओटा केला, बसून पोळ्या लाटता येतील असा. दुकानात चढायच्या पायऱ्या सगळ्या काढल्या. बाथरूमला रुंद दार पाहिजे होतं. रुंद तर मीच! मांजर उठवलं, मला घासलं, बुडाला पत्रा ठोकला.

मुलानं मात्र बजावलं, "एकदा जरी पडलीस, तर सामान बांधायचं."

"बघू," आजी म्हणाली.

सुतारानं मला नेहमीच्या रिवाजानं आत उघडणारं बसवलं. त्याच दिवशी मुलगा बघायला आला. आजी बाथरूममध्ये गेली, मला लोटलं, आणि कोरड्या फरशीवर चक्क आडवी झाली.

"मी पडलेय! उघडा!"

मुलगा धावला. ढकलतोय, ढकलतोय. मी आजीच्या कमरेला टेकून अडलो.

"आई, लागेल तुला!"

"मग? कसा येतोस आत?"

त्यानं ढकलणं सोडलं. "बघितलंस? म्हणून म्हणतो, इथं राहू नकोस."

आजी भिंतीला लावलेली दांडी धरून उठली, मला उघडून बाहेर आली. "अरे, दार चुकीचं लागलं तर दार काढतात. माणूस नाही काढत."

नातीनं जीभ चावली. "सुतारकाका, बिजागऱ्या फिरवा. बाहेर उघडू दे."

"बाथरूमचं दार बाहेर? लोक हसतील," सुतार म्हणाला.

"हसू देत," आजी म्हणाली. "मी बाहेर तर येईन!"

पुढच्या थंडीत ती खरंच पडली. आतून काठीनं मला असं बडवलं की वरची भाडेकरीण तिच्याकडची किल्ली घेऊन धावत आली. तिनं मला ओढलं. मी सताड उघडलो. मनगट मोडलं, बाई वाचली.

मुलगा रिकामी बॅग घेऊनच आला. आजी प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसलेली.

"पडले. दार उघडलं. उचललं. संपलं," ती म्हणाली. "आलाच आहेस तर बिजागऱ्यांना तेल घाल. कुरकुरतायत."

तो माझ्यापाशी आला. मला दोनदा उघडलं, दोनदा लावलं. मग बॅग माझ्या खुंटीला अडकवली आणि तेलाची बाटली शोधायला लागला.

ती बॅग अजून तिथंच आहे. आजी तिच्यात धुवायचे कपडे टाकते.

तर मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस अडखळलं तर आधी पायरी बघा, दार बघा. जे चुकलंय ते हलवा, माणूस हलवू नका. आणि कुठं भिंतीला टेकून आमच्यातला कुणी दिसला, तर त्याला जळण म्हणू नका. तेल घाला आणि ओढून बघा.

ढकलू नका म्हटलं, ओढा!